हंसा टॉकीजमधला पंचनामा

खैरखेड्याच्या हंसा टॉकीजचा सकाळी अकराचा शो कधी रिकामा गेला नाही. संध्याकाळी सहाला बायका-पोरं घेऊन मंडळी यायची, नऊला हायवेवरचे ट्रकवाले. पण खरी गर्दी अकराची, आणि त्या गर्दीत बाईमाणूस औषधालाही नसायचं. दोन हजार पाचच्या जानेवारीत तर ती आणखीच वाढली होती. कापूस खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर यायचा नाही, आलाच तर वजनाचा काटा बंद. पांढरकवड्याच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग पेट्रोल पंपाच्याही पुढं गेलेली. गाडीखाली चार-चार दिवस काढून माणसं आंबून जायची. मग एकानं गाड्या सांभाळायच्या आणि बाकीच्यांनी टॉकीज गाठायचं, असं आपोआप ठरून गेलं होतं.

अकराला सिनेमा कोणता आहे हे कोणी विचारत नसे. मध्यंतर झालं, पाऊण तास गेला, की प्रफुल्ल भगत दुसरं मशीन सुरू करायचा आणि गोष्टीशी काडीचाही संबंध नसलेले तुकडे पडद्यावर यायचे. बाई आणि माणूस, अंगावर धागा नाही. दहा मिनिटं. या तुकड्यांना ना नाव होतं, ना सेन्सॉरचा कागद. एका गंजक्या डब्यात ते कॅबिनच्या फळीवर पडलेले असायचे. गावात हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. चौकीवरच्या जमादाराला माहीत होतं, कारण तो स्वतः बाल्कनीत बसायचा. संस्कृतीरक्षणाच्या संघटनेचा पुढारी स्वानंदभाऊ, तोही त्याच रांगेत, फक्त दिवे गेल्यावर यायचा आणि दिवे लागायच्या आत जायचा.

प्रफुल्ल अडतीस वर्षांचा. अठरा वर्षं तो या कॅबिनमध्ये ऑपरेटर होता. बाप भीमराज जिनिंगमध्ये हमाली करता करता वारला. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांत तो आणि त्याची माय तुळसाबाई राहायची. लग्नाचं तिनं बोलून बोलून सोडून दिलं होतं. "त्याचं मन मशीनीत हाय," असं ती शेजारणींना सांगायची.

मन कुठं आहे हे एकट्या चंद्रशेखर पांढरीपांड्यांना माहीत होतं.

चंद्रशेखर तालुक्याला करमणूक कराचे कारकून. घर यवतमाळचं, तीन पिढ्या कचेरीतली; बायको रत्नप्रभा आणि मुलगी गौरी तिकडंच. पंधरवड्यातून एकदा ते हंसा टॉकीजची तिकिटं तपासायला यायचे. खाली तिकिटांची अर्धुकं पाहून झाली की रजिस्टरवर सही करायला वर कॅबिनमध्ये. आधी नुसता चहा व्हायचा. मग गप्पा. मग एका उन्हाळ्यात, बाहेर लू चाललेली आणि आत मशीनचा जाळ, अशा दुपारी चंद्रशेखरांनी प्रफुल्लच्या मनगटावरचा मशीनमधल्या जळत्या कार्बन-कांडीचा चटका पाहिला, त्यावर फुंकर घातली आणि हात सोडला नाही. एक रीळ अठरा मिनिटांचं असतं. अठरा मिनिटं कॅबिनमध्ये कोणी फिरकत नाही. दोन वर्षं त्यांचा संसार म्हणावा तर असा अठरा-अठरा मिनिटांचा झाला होता. त्यातही प्रफुल्लच्या तोंडचं "साहेब" आणि "तुम्ही" काही सुटलं नाही.

त्या महिन्यात मालकानं, लखीराम राठोडानं, अमरावतीच्या एजंटाकडून एक सिनेमा मागवला. नावात 'रात' होतं आणि कागदावर प्रौढांसाठीचा 'अ' होता. लखीरामला तेवढं पुरे होतं. पोस्टरवर दोन माणसं पाठमोरी बसलेली दिसत होती, बाई कुठंच नव्हती, पण ती आत असेल असं त्यानं धरलं.

गुरुवारी दुपारी प्रफुल्लनं रिळं तपासायला लावली. त्याच दिवशी चंद्रशेखरांची तपासणी होती. दोघं कॅबिनच्या दोन झरोक्यांपाशी उभे राहिले. खाली हॉल मोकळा.

सिनेमा साधा होता. शहरातल्या एका भाड्याच्या खोलीत दोन माणसं राहतात. एक गॅरेजमध्ये कामाला, एक शाळेत. पाच रिळं होईपर्यंत प्रफुल्लला काही अंदाज आला नाही. सातव्या रिळात मास्तरला ताप येतो. गॅरेजवाला त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवतो, रात्रभर बसतो, पहाटे त्याच्याच बाजूला आडवा होतो. मास्तर डोळे उघडतो. गॅरेजवाला त्याच्या मानेवर हात ठेवतो, तोंड जवळ नेतो, आणि एकदम सकाळ होते. आवाजसुद्धा मधेच तुटला.

"रीळ तुटलं काय?" चंद्रशेखरांनी विचारलं.

"तुटलं नाही. कापेल हाय." प्रफुल्लनं डब्यातून प्रमाणपत्राची प्रत काढली. "मागं इंग्रजीत लिवलं हाय. वाचा बरं तुम्ही."

चंद्रशेखरांनी चष्मा सारखा केला. "रीळ सात. चुंबन पूर्ण काढावे. पलंगावरचे दृश्य निम्म्याहून कमी करावे. रीळ नऊ. एका पात्राच्या तोंडचा 'माझा' हा शब्द मूक करावा."

"माझा?"

"हो. 'हा माझा आहे' असं म्हणतो वाटतं तो. त्यातला 'माझा'."

प्रफुल्ल बराच वेळ तो कागद पाहत राहिला. अठरा वर्षांत त्याच्या हातून शेकड्यांनी असे कागद गेले होते. पुराच्या पाण्यात नाचणाऱ्या बाया, पाटलाच्या वाड्यात ओढून नेलेल्या बाया, बाईवर चालून जाणारे चौघे. ते सगळं पास झालेलं त्यानं चालवलं होतं. "बाईले वरबाडते थे चालते," तो म्हणाला, "आन हा त फडकं ठेवून राह्यला कपायावर."

"बाईचं चालतं," चंद्रशेखर म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ते रीळ पुन्हा लावता येईल?"

प्रफुल्लनं रीळ उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. पुन्हा ताप आला, पुन्हा घड्या, पुन्हा पहाट. चंद्रशेखरांनी चष्मा काढून हातात धरला होता. पडद्यावर दिसत तर काही नसणार त्यांना, पण ते हलले नाहीत.

जाताना जिन्यात ते म्हणाले, "हा लावू नकोस, प्रफुल्ल. राठोडला सांग, प्रिंट खराब आहे म्हणून परत पाठव."

"काहून? कागद हाय न त्याले. अकराच्या शोले इतक्या वर्षांत पयल्यांदा कागद असलेलं काही लागून राह्यलं."

चंद्रशेखर हसले नाहीत. "मी सांगायचं काम केलं," म्हणाले आणि उतरून गेले. पुढं कित्येकदा प्रफुल्लच्या मनात यायचं, प्रिंट खराब आहे एवढं खोटं बोललो असतो तर काय बिघडलं असतं. पण त्या दिवशी ते त्याच्या जिभेवर आलंच नाही. त्याला तो सिनेमा भरल्या हॉलमध्ये चाललेला पाहायचा होता.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. सातवं रीळ लागलं तेव्हा आधी शिट्ट्या थांबल्या. मग कोणीतरी म्हणालं, "अबे हे काय चालू हाय?" एकजण हसला, मग बरेच हसले, खुर्च्यांवर पाय आपटले. कोणी पडद्यावर भुईमुगाची टरफलं फेकली. लखीराम धावत वर आला. "तुकडे लाव, लवकर लाव," म्हणाला. प्रफुल्लनं तुकडे लावले. हॉल शांत झाला.

शो सुटल्यावर जिन्याच्या खाली एक पन्नाशीचा माणूस उभा होता. डोक्याचा रुमाल हातात, अंगाला कापूस चिकटलेला, गाड्यांच्या रांगेतला. त्यानं विचारलं, "उद्या बी हाच हाय काय?"

"हाव."

"तापाचं हाय थे बी हाय?"

"हाय."

माणसानं मान हलवली, रुमाल बांधला आणि गेला. प्रफुल्ल दिवसभर त्याचाच विचार करत होता.

शनिवारी बारा वाजता खरेदी केंद्रावर मोर्चा ठरलेला होता. स्वानंदभाऊनंच पत्रकं वाटली होती. काटा सुरू करा, ग्रेडर पाठवा. दोनशे माणसं जमली. पण केंद्राला कुलूप, निवेदन घ्यायला शिपाईसुद्धा नाही. माणसं चिडलेली, ऊन वाढत चाललेलं, आणि पुढाऱ्याला तर काहीतरी करून दाखवणं भाग. टॉकीज तिथून हाकेच्या अंतरावर. कोणीतरी कालच्या सिनेमाचं नाव काढलं, आणि कापसाच्या घोषणा देत निघालेला मोर्चा टॉकीजपाशी पोचेपर्यंत घोषणा बदलून गेल्या.

आधी पोस्टर फाटलं, मग तिकीट खिडकीची काच गेली. प्रफुल्लनं वरून आवाज ऐकला तेव्हा सहावं रीळ चाललं होतं. त्यानं मशीन बंद केलं, कार्बन विझवले, म्हणजे आग लागायला नको. दार ढकलून आठ-दहा जण आत घुसले. पुढं स्वानंदभाऊ.

"कोण चालवते रे हे घाण? आपल्या गावात हे धंदे?"

प्रफुल्लला वाटलं, हा तर ओळखीचा माणूस आहे, याला सांगितलं तर समजेल. "भाऊ, सेन्सॉरचा कागद हाय याले. तुम्ही बुधवारी बी होते न वर, तवा त..."

वाक्य पुरं झालं नाही. थप्पड अशी बसली की कानात शिट्टी वाजू लागली. दुसरी कोणी मारली ते त्याला दिसलंही नाही. त्याला कॉलरला धरून जिन्यावरून खाली आणलं तेव्हा फाटकापाशी लखीराम जमादाराला सांगत होता, "मले काय मालूम, साहेब? मी त गल्ल्यावर बसतो. कोणतं रीळ लावाचं थे ऑपरेटरच पाह्यते."

चौकीवर त्याला बाकावर बसवलं. कलम कोणतं ते कोणी सांगितलं नाही. दुपारी तुळसाबाई फडक्यात भाकर आणि वांग्याची भाजी बांधून आली. जमादारानं तिला दाराशी बसू दिलं.

"मारलं तुले?"

"नाही वं."

"गालावर बोटं हायेत." तिनं फडक्याची गाठ सोडली. "वस्तीत लोक कायबाय बोलून राह्यले. असं होतं तरी काय त्या सिनेमात?"

प्रफुल्लनं भाकरीचा तुकडा मोडला. अकराला रोज काय चालतं हे मायला माहीत होतं का, त्याला कधी कळलं नव्हतं. "दोन माणसं होते," तो म्हणाला. "एकाले ताप येते. दुसरा त्याच्यापाशी बसते."

"मंग?"

"मंग काही नाही. कापून टाकलं पुढचं."

तुळसाबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. ती आणखी काही विचारेल म्हणून तो वाट पाहत राहिला, आणि तिनं विचारू नये असंही त्याला वाटत राहिलं. "जेव," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी त्याला सोडलं, सोमवारी टॉकीजवर हजर राहायच्या बोलीवर.

सोमवारी सकाळी तालुक्याहून जीप आली. नायब तहसीलदार, फौजदार, आणि दप्तर घेऊन चंद्रशेखर. गावातून पंच म्हणून स्वानंदभाऊ आणि एक किराणा दुकानदार. चंद्रशेखरांनी प्रफुल्लकडं पाहिलं नाही. यांना रजा टाकून यवतमाळला जाता आलं असतं की, असं प्रफुल्लच्या मनात आलं, पण कोणाला येणं टळतं आणि कोणाला नाही हे त्याला काय ठाऊक.

"ते आक्षेपार्ह रीळ दाखवा," नायब तहसीलदार म्हणाले.

दाखवणार कोण? मशीन चालवणारा गावात एकच माणूस होता. आरोपीनंच वर जाऊन रीळ लावलं. बाल्कनीत पाच खुर्च्यांवर पाच माणसं बसली. ताप आला, घड्या झाल्या, पहाट झाली, तुटलं.

"पुन्हा लाव," खालून आवाज आला. "नीट पाहायला हवं."

पुन्हा लावलं. या वेळी फौजदार म्हणाला, "हात कुठं ठेवला त्यानं? मानेवर की खाली?" म्हणून तिसऱ्यांदा. प्रफुल्लनं झरोक्यातून पाहिलं. चार माणसं पुढं वाकून बसली होती. चंद्रशेखर मांडीवरच्या कागदात मान घालून लिहीत होते. पडद्याचा उजेड त्यांच्या कपाळावर पडत होता. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

मग सगळे कॅबिनमध्ये आले. बारा डब्यांना लाख लावून सील केलं. जमादारानं इमानदारीनं फळीवरचा गंजका डबाही खाली काढला. "साहेब, हा एक हाय अजून."

नायब तहसीलदारांनी विचारलं, "हे काय?"

लखीराम हात जोडून म्हणाला, "ते आपलं सकायचं हाय, साहेब."

स्वानंदभाऊ झरोक्यातून खाली हॉल पाहू लागला.

"याच्याबद्दल तक्रार आहे का?"

"नाही, साहेब."

"मग आपला विषय नाही तो." डबा परत फळीवर गेला.

पंचनामा वाचून दाखवायचा असतो. चंद्रशेखरांनी घसा साफ केला आणि वाचला. त्यांचा आवाज चांगला होता, कचेरीत नेहमी त्यांनाच वाचायला सांगत. "...सदर चित्रपटाचे सातव्या रिळात दोन पुरुष इसम एकाच बिछान्यावर निजलेले असून त्यांचे वर्तन अनैसर्गिक, किळसवाणे व समाजात विकृती पसरविणारे असल्याचे आम्हा पंचांचे प्रत्यक्ष पाहण्यात आले. सदरचे रीळ ऑपरेटर प्रफुल्ल भीमराज भगत याने जाणीवपूर्वक..."

"सही कर," फौजदार म्हणाला.

प्रफुल्लनं सही केली. कागद चंद्रशेखरांनीच धरला होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून. त्यांची करंगळी त्याच्या बोटाला लागली आणि लगेच मागं गेली.

टॉकीज तीन दिवस बंद राहिलं. चौथ्या दिवशी लखीराम स्वतः वस्तीत आला. तुळसाबाईच्या दारात उभ्या-उभ्या म्हणाला, "मागचं इसर, प्रफुल्ल. मले तसं बोलाच लागलं. तुझ्याशिवाय मशीन कोण चालवते?" प्रफुल्लला दुसरं काही येत नव्हतं. तो गेला. अकराला सिनेमा लागला, मध्यंतरानंतर तुकडे लागले. काटा अजून बंदच होता. बाल्कनीत स्वानंदभाऊची माणसं होती, दिवे गेल्यावर तोही आला. अंगाला कापूस लागलेल्या त्या रुमालवाल्याला प्रफुल्ल रोज गर्दीत शोधायचा. तो काही पुन्हा दिसला नाही.

तीन आठवड्यांनी, मार्च लागायच्या सुमाराला, चंद्रशेखर तपासणीला आले. खालचं काम संपवून वर आले, रजिस्टरवर सही केली. मशीन चालू होतं. प्रफुल्ल कार्बन सारखे करत राहिला.

"मी लिहिलं नसतं तर दुसऱ्यानं लिहिलं असतं," चंद्रशेखर शेवटी म्हणाले.

"हाव."

"नोकरी आहे, प्रफुल्ल. गौरीची दहावी आहे. आणि ते कलम... नुसतं टॉकीजचं नाही, दुसरंही कलम आहे कायद्यात. तुला माहीत आहे. कोणाला नुसती शंका आली असती तरी आपण दोघं..."

"मी कुठं काही म्हटलं, साहेब?" प्रफुल्लनं फडक्यानं हात पुसले. "येकच इचारतो. थे सगळं साहेबानं सांगतलं लिवाले?"

"त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं."

"अनैसर्गिक?"

"तो कायद्याचा शब्द आहे."

"आन किळसवाणं?"

चंद्रशेखरांनी रजिस्टर मिटलं. मग ते भिंतीकडं पाहत म्हणाले, "तो मी घातला."

प्रफुल्ल थांबला.

"तिसऱ्यांदा रीळ लागलं तेव्हा माझे डोळे भरून आले," चंद्रशेखर म्हणाले. "फौजदारानं पाहिलं. म्हणाला, काय झालं हो पांढरीपांडे? मी म्हटलं, किळस आली. मग ते लिहावंच लागलं."

प्रफुल्लला वाटलं, आपण रागवावं. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यानं दोन वर्षांत पहिल्यांदा "तू" म्हणायला तोंड उघडलं, आणि नेमकी तेव्हाच रीळ संपल्याची खूण पडद्याच्या कोपऱ्यात चमकली. त्याला दुसऱ्या मशीनकडं जावं लागलं. तो परत वळला तेव्हा चंद्रशेखर जिना उतरत होते.

केस उभी राहिली. पांढरकवड्याला तारखा पडू लागल्या. सकाळच्या बसनं जायचं, दुपारपर्यंत झाडाखाली बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. सेन्सॉरनं पास केलेला सिनेमा आहे, यात गुन्हा कुठला, असं वकील म्हणायचा. पण ते म्हणण्याची पाळी काही यायची नाही. सील केलेले डबे कुठल्या कोठडीत आहेत तेही कोणी सांगू शकत नव्हतं. दोन सरकारी साक्षीदार आलेच नाहीत. तिसरा, पंचनामा लिहिणारा कारकून, त्याच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा शिपायानं सांगितलं, "बदली झाली. उमरखेडले गेले."

प्रफुल्लला हे असं कळलं, कोर्टाच्या व्हरांड्यात. बदली मागून घेतली की झाली, हे विचारायला त्याच्यापाशी माणूस नव्हता. पत्र लिहावं तर पत्ता कचेरीचा. फोन करावा तर कोण बोलतंय म्हणून सांगावं?

घरी आला तेव्हा तुळसाबाई चुलीपाशी बसली होती. "थो साहेब येत नाही आताशा," ती भाकर थापता थापता म्हणाली. "उन्हाळ्यात येकदा तुह्यासंगं आलता न घरी. आपल्या कपात चहा पेला. बामनाचा माणूस, पण मांडी घालून बसला."

"बदली झाली त्याची."

"सांगून बी नाही गेला?"

प्रफुल्लनं हातपाय धुतले, ताटावर बसला. "सांगून गेला," तो म्हणाला. "मले सांगतलं. घाई होती म्हणून घरी नाही आला."

तुळसाबाईनं तव्यावरची भाकर उलटली. तिला खरं वाटलं की नाही ते तिच्या पाठीवरून काही कळलं नाही. तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली, मग आणखी थोडी वाढली, आणि नको म्हणायचं त्यालाही सुचलं नाही.